गाजलेली गाणी, वेंगुर्ल्याचा पियानो: एका अल्बमचं प्रकरण

वेंगुर्ल्यातला एक पियानोवादक, वय तिशीतलं. लहानपणी भजनात पेटी वाजवायचा, मग गोव्यात शिक्षकांकडे पियानो शिकला, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा दिल्या आणि पुढे जॅझकडे वळला. पोटापाण्यासाठी क्लास घेतो, हंगामात तारकर्ली-मालवणच्या बाजूला हॉटेलांत वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर उभा राहतो. त्याने ठरवलं की आठ गाजलेली मराठी गाणी घ्यायची आणि त्यांचा जॅझ अल्बम करायचा. गायक नाही, शब्द नाहीत. फक्त पियानो, डबल बेस आणि ड्रम.

अल्बममध्ये शेवटी त्या आठांतली पाचच गाणी उरली. तीन का गेली आणि उरलेली पाच कशी बदलली, याचं हे प्रकरण. परवानग्यांची पत्रं लिहिणं आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कान देणं ही माझ्याकडची कामं होती. वादकाचं नाव, गाण्यांची नावं आणि ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला त्यांची नावं इथे देत नाही. तसं आमचं ठरलं आहे. चालींचं वर्णन मात्र पुरेसं देतो, कारण खरा प्रश्न तिथेच होता.

गाजलेलीच गाणी का

जॅझमध्ये ज्या नेहमी वाजवल्या जाणाऱ्या चालींना आज ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यांतल्या कितीतरी आपल्या काळात रंगभूमीवरून आणि चित्रपटांतून आलेली लोकप्रिय गाणी होती. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ऑक्टोबर १९६० मध्ये ‘माय फेवरेट थिंग्ज’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ते गाणं ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, १९५९ सालच्या संगीतिकेतून नुकतंच लोकांच्या तोंडी बसलेलं होतं. त्या ध्वनिमुद्रणात पियानोवर मॅकॉय टायनर होता. १९६५ साली रॅम्झी लुइसच्या ट्रायोने वॉशिंग्टनच्या एका क्लबात ‘दि इन क्राउड’ हे तेव्हा गाजत असलेलं पॉप गाणं श्रोत्यांसमोर वाजवलं. टाळ्यांसकट निघालेली ती रेकॉर्ड बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. मग १९९६ साली जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘द न्यू स्टँडर्ड’ आला. नव्या काळातल्या पॉप गाण्यांना जुन्या स्टँडर्डांची जागा द्यायची, हा त्यामागचा विचार नावातच स्पष्ट आहे. बीटल्स, प्रिन्स, पीटर गॅब्रिएल, शादे, निर्वाणा अशांची गाणी, आणि सोबतीला मायकल ब्रेकर, जॉन स्कोफील्ड, डेव्ह हॉलंड, जॅक डिजॉनेट आणि डॉन अलायस.

आमचा वादक या अल्बमवर वाढला आहे. पण त्याची दुसरी पाळंमुळं घराजवळची आहेत, आणि माझ्या मते तीच जास्त खोल आहेत. सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनात दोन बुवा आळीपाळीने गातात. अभंग होतो, गवळण होते, आणि गजराची वेळ आली की गाजलेल्या गाण्याची चाल घेऊन त्यावर देवाचे शब्द बांधलेले ऐकू येतात. समोरच्या माणसाला चाल आधीच ठाऊक असते. बुवा तिचं काय करतो, हे ऐकायला तो पहाटेपर्यंत बसतो. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतही पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचा मुखडा छापलेला असायचा. त्यामुळे ओळखीची चाल घेऊन तिच्यात आपलं काही सांगणं ही आपल्याकडे उसनी आणलेली गोष्ट नाही. मला हे काम मोलाचं वाटलं ते यासाठी.

आठ गाण्यांची निवड आणि पहिली फेरी

निवड झाली ती लोकप्रियतेवर. लग्नात हमखास वाजणारं नाचाचं गाणं; यमनातलं एक जुनं चित्रपटगीत; समुद्रावरचं एक गाणं; पावसाचं गाणं; दूरदर्शनच्या एका मालिकेचं शीर्षकगीत; एक भावगीत; जुन्या तबकडीवरचं एक विनोदी गाणं; आणि जवळजवळ बोलूनच म्हटलेलं एक नवं गाणं.

पहिल्या फेरीत त्याने आठही चालींना सारखीच वागणूक दिली. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर; जॅझचा सगळ्यांत वापरातला कॉर्डचा प्रवास म्हणजे टू-फाइव्ह-वन: दुसऱ्या स्वरावरची कॉर्ड, मग पाचव्यावरची, मग घर, म्हणजे सा वरची. चालीच्या प्रत्येक ओळीखाली हा प्रवास कुठे ना कुठे बसवला, वरून चालीचे सूर तोडून उजव्या हाताने भरणा केला. वाजत होतं छान. हॉटेलात कुणी ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

त्याच सुमारास ज्या बुवांकडे तो लहानपणी पेटी शिकला, ते त्याच्या घरी आले होते. त्यांना त्याने भावगीत वाजवून दाखवलं. बुवांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “अरे, चाल खंय गेली? बोटां बरी चलतत तुझी, पण चाल आमी कोणी धरूची?”

“बुवानू, चाल थंयच आसा. मिया फक्त खालचे सूर बदललंय.”

“मगे माका ती गावली कशी नाय?”

या एका प्रश्नावर पुढचं सगळं काम उभं आहे. शब्द काढून टाकल्यावर ऐकणाऱ्याच्या हातात फक्त चाल उरते. गायकाच्या आवाजात शब्द चाल धरून ठेवतात. पियानोवर तो आधार नसतो. अशा वेळी वरची चालही मोडायची आणि खालची कॉर्डही बदलायची, तर ऐकणारा उभा राहणार कुठे? दोन्हींतलं एक स्थिर हवं. हॅनकॉकचा अल्बम या कानाने पुन्हा ऐकला तर लक्षात येतं की ताल, कॉर्ड आणि मधल्या जागा यांत खूप बदल आहेत, पण बहुतेक ठिकाणी मूळ गाण्याचा धागा आधी नीट हातात दिला जातो आणि सोलो, म्हणजे एकेका वादकाचं उत्स्फूर्त वादन, त्यानंतर सुरू होतो.

यमन आणि नाचाचं गाणं

आठांतलं सगळ्यांत सुंदर गाणं यमनातलं, याबद्दल आमचं एकमत होतं. जॅझसाठी सगळ्यांत अवघड तेच निघालं, आणि त्याचं कारण अगदी नेमकं आहे. सा पांढरी एक (पेटीवरची C ची पट्टी) धरली तर टू-फाइव्ह-वनमधली दुसरी कॉर्ड रे-म-ध आणि पाचवी कॉर्ड प-नि-रे-म अशी होते. दोन्हींत मध्यम शुद्ध. यमनाचा मध्यम तीव्र. म्हणजे वर चाल तीव्र मध्यमाने चालली आहे आणि खाली डावा हात ओळीओळीला शुद्ध मध्यम ठोकतो आहे. कॉर्डच्या हिशेबाने ते चालवून घेता येतं, जॅझमध्ये असे घासणारे सूर वर्ज्य नाहीत. पण यमन राहत नाही, आणि यमन गेला तर त्या गाण्यात घेण्यासारखं फार काही उरत नाही. त्यात पियानोवर मींड नाही. गायिकेने निषादावरून षड्जावर घसरत नेलेली जागा पियानोवर दोन वेगळे ठोके होतात.

तोडगा टायनरच्या वाजवण्यात सापडला. ‘माय फेवरेट थिंग्ज’मध्ये लांबच लांब सोलो जवळजवळ एका जागी थांबलेल्या पायावर होतात. कॉर्ड धावत नाहीत; डावा हात एकाच घरात वेगवेगळ्या उंचीवरून तेच सूर मांडत राहतो. आपल्या कानाला हे परकं नाही, तंबोऱ्यावर गाणं असंच होतं. म्हणून बेसवाल्याला सा आणि पंचम एवढंच दिलं, आणि डाव्या हातात षड्ज-मध्यम अंतराने रचलेले सूर: कधी ग-ध-रे, कधी नि-ग-ध. हे सगळे यमनातलेच, आणि त्यांत मध्यम येतच नाही. तो फक्त चालीसाठी मोकळा राहतो. वरच्या हाताने तीव्र मध्यम घेतला की खोलीभर ऐकू येतो. मींडेच्या जागी नक्कल करायची नाही, तिथे आधी थोडं थांबायचं आणि मग षड्ज घ्यायचा, असं त्याने ठरवलं. ध्वनिमुद्रणाआधी घरी बोलावलेल्या श्रोत्यांपैकी दोघांनी नेमक्या त्याच जागी दाद दिली.

नाचाच्या गाण्याचं नेमकं उलट झालं. हे गाणं घ्यायला मी फारसा राजी नव्हतो, कारण त्याची चाल चार-पाच सुरांत फिरते आणि मुखड्यात बराच वेळ पंचमावर ठाण मांडून बसते. पण जॅझवाल्याला हीच तर मोकळी जागा. पट्टी पांढरी चार, म्हणजे पंचम पांढरी एकवर. तो सूर वर धरून ठेवला आणि खालचा पाया हलवत नेला. पाया पांढरी चारवर असताना तो सूर पाचवा; पाया काळी एकवर नेला की तोच सूर सातवा होतो आणि एकदम व्याकूळ वाटू लागतो; काळी चारवर नेला की तिसरा, म्हणजे घरचा आणि उबदार; काळी पाचवर नेला की नववा, जरा दूरचा. वर काही म्हणजे काही बदललेलं नाही, मांडवात नाचलेल्या माणसाला चाल जशीच्या तशी मिळते आहे, आणि तरी त्याच सुराचे चार चेहरे दिसतात. गती निम्म्यावर आणली. ड्रमर कुडाळचा, ढोलकीही वाजवणारा; मूळ सहाच्या ठेक्याचं वजन त्याने ब्रशवर (काठ्यांऐवजी वापरायच्या मऊ तारांच्या कुंच्यांवर) तसंच ठेवलं.

यावरून आम्ही गाणं निवडायचं माप बदललं. गाणं किती मोठं किंवा किती गाजलेलं, यापेक्षा त्याच्या चालीत दुसऱ्याला बसायला जागा किती, हे आधी पाहायचं. भरगच्च, जागांनी सजवलेली चाल संपूर्ण असते. तिला हात लावायचा तर अगदी थोडा. साधी, एकाच सुरावर रेंगाळणारी चाल मात्र कॉर्डवाल्याला खूप देते. याच मापाने बोलून म्हटलेलं नवं गाणं गेलं. त्याची सगळी ताकद शब्दांच्या फेकीत होती, आणि शब्द काढल्यावर पियानोला धरायला काही राहिलं नाही. पावसाचं गाणं आणि मालिकेचं शीर्षकगीत मधल्या जातीची. ती फारशा खटपटीशिवाय बसली.

परवानगी: इथे बहुतेक जण अडतात

कोकणात आणि गोव्यात वाजवणाऱ्या कितीतरी जणांना वाटतं की पाच वर्षं झाली की कुठल्याही गाण्याचं कव्हर, म्हणजे आपलं नवं ध्वनिमुद्रण, करायला मोकळीक असते. हा समज अर्धवट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. पहिली ध्वनिमुद्रिका ज्या वर्षी झाली ते वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षं गेल्यावर, आगाऊ सूचना आणि आगाऊ रॉयल्टी देऊन, कव्हर करता येतं. म्हणजे पहिली ध्वनिमुद्रिका २०१६ ची असेल तर २०२१ संपेपर्यंत हा रस्ता बंद. रॉयल्टी दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरली जाते. एखाद्या भाषेतल्या खपाचा विचार करून ही संख्या कमी ठरवण्याची तरतूदही कलमात आहे. वेष्टनावर हे कव्हर आहे असं लिहावं लागतं, आणि आधीच्या गायक-वादकांचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही.

जॅझवाल्यासाठी खरी अडचण याच कलमातल्या बदलांच्या अटीत आहे. मालकाच्या संमतीने आधी झालेला नाही किंवा ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नाही, असा कोणताही बदल संगीतात करता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात कलम ११५ खाली सक्तीच्या परवान्यावर कव्हर करणाऱ्याला आपल्या शैलीला लागेल तेवढी नवी मांडणी करायची मुभा आहे. मूळ चाल आणि गाण्याचा मूलभूत स्वभाव बदलला नाही म्हणजे झालं. तशी मुभा आपल्या कलमात लिहिलेली नाही. शिवाय आपल्या कायद्यात संगीतकृतीची नवी मांडणी हे ‘रूपांतर’ धरलं जातं, आणि रूपांतराचा हक्क मालकाचा. नाचाच्या गाण्याखाली चार नव्या कॉर्ड घालणं हे उघड मांडणीचं काम. म्हणून ३१सीवर भिस्त न ठेवता प्रत्येक गाण्यासाठी मालकाकडून थेट लेखी परवानगी घ्यायची, असं आम्ही ठरवलं. असं काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सुचवेन.

दुसरी गोष्ट ‘पारंपरिक’ या शिक्क्याची. समुद्रावरचं गाणं घरोघर म्हटलं जातं आणि सगळे त्याला पारंपरिकच म्हणतात. जुन्या तबकडीचं लेबल पाहिलं तर त्यावर संगीतकाराचं नाव. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला विसाव्या शतकात दिलेली चाल बहुधा कुणाची तरी. त्या गाण्यासाठीही रीतसर पत्र गेलं, आणि परवानगी आली.

मग भजनात चाली घेतात त्यांचं काय, हे बुवांनीच विचारलं. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात केलेलं सादरीकरण कलम ५२ नुसार हक्कभंग धरलं जात नाही. देवळातला गजर या सवलतीत येऊ शकतो. तोच गजर मुद्रित करून विकायला काढला तर सवलत संपते.

पाच परवानग्या मिळाल्या, त्या बहुतेक संगीत कंपन्यांकडून, कारण चित्रपटगीतांच्या चालीचे हक्क सहसा त्यांच्याकडे असतात. यमनातल्या गाण्याला एक अट आली: मूळ चाल एकदा संपूर्ण, न बदलता वाजलीच पाहिजे. आमच्या दृष्टीने ती अट नव्हतीच, बुवांचं म्हणणं तेच होतं. विनोदी गाण्याची कंपनी केव्हाच बंद झालेली, हक्क कुणाकडे गेले याचा माग लागला नाही. ते सोडून दिलं.

भावगीताच्या संगीतकाराच्या कुटुंबीयांनी नकार दिला. पत्र अतिशय सभ्य होतं. ‘शब्दांवाचून ही चाल वाजावी असं संगीतकारांना स्वतःला कधी वाटलं नव्हतं, म्हणून आम्हालाही वाटत नाही’, एवढंच त्यांनी लिहिलं. वादकाला फार लागलं, कारण ते त्याचं सगळ्यांत आवडतं गाणं. मला मात्र कुटुंबीयांचं बरोबर वाटतं. त्या चालीत प्रत्येक जागा शब्दाला धरून आहे. बुवांना पहिल्या ऐकण्यात चाल गावली नव्हती तीही याच गाण्यात. पुन्हा विनवणी करायची नाही असं ठरलं, आणि तो ते गाणं हॉटेलातही वाजवत नाही.

ध्वनिमुद्रण

वेंगुर्ल्यात त्याच्याकडे जुना उभा पियानो आहे. खाऱ्या हवेत तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. आत छोटा बल्ब लावून ठेवतात, तेवढ्याने थोडं निभतं. सराव त्यावर झाला. ध्वनिमुद्रणासाठी थंडीत गोव्याला ग्रँड पियानो असलेल्या खोलीत गेलो. पावसाळ्यात पत्र्यावर आणि कौलांवर जो आवाज असतो त्यात ब्रशचा ड्रम पकडण्याचा विचारच करू नये. बेसवाला मडगावचा. तिघेही एकाच खोलीत, एकत्र वाजवून. तुकडे जोडले नाहीत. पियानो त्या सकाळीच लावून घेतला आणि दुपारच्या जेवणानंतर पुन्हा तपासला.

श्रोत्यांसमोर मुद्रण करावं, रॅम्झी लुइससारखं, असा एक विचार होता. तो सोडला, कारण यमनातल्या गाण्याला पूर्ण शांतता हवी होती. त्याऐवजी आधी घरच्या माजघरात शेजारी, विद्यार्थी आणि भजनी मंडळी बोलावून सगळी गाणी एकदा वाजवली. नाचाच्या गाण्याला पहिल्या दोन ओळींत हसू उमटलं, मग ते थांबलं. समुद्राच्या गाण्यात एक आजी चाल गुणगुणत राहिल्या, आणि सोलो सुरू झाल्यावरही त्यांची चाल सुटली नाही. त्या मूळ चाल म्हणत होत्या आणि तो तिच्याभोवती वाजवत होता. बुवांनी त्या दिवशी काही विचारलं नाही, पण नाचाच्या गाण्यातला काळी एकचा पाया पेटीवर कसा धरायचा ते मागाहून दाखवून घेतलं.

अल्बमची आजची स्थिती

पाच गाण्यांनी अल्बम तोकडा वाटतो, म्हणून सहावी रचना त्याची स्वतःची आहे. हॅनकॉकच्या ‘द न्यू स्टँडर्ड’मध्येही एक रचना घरची होती, ‘मॅनहॅटन’, त्याने आणि त्याच्या बहिणीने, जीन हॅनकॉकने, मिळून केलेली. पुढे १९९७ साली वाद्यरचनेचा ग्रॅमी त्या अल्बमातल्या याच तुकड्याला मिळाला. आमच्या वादकाची रचना भजनातल्या झांजेच्या चढत्या लयीवर आहे, आणि तिच्यात टू-फाइव्ह-वन अगदी मनमोकळं येतं, कारण तिथे कुठल्या रागाचं किंवा कुणाच्या चालीचं देणं नाही. ती अजून मुद्रित व्हायची आहे. शिमगा आटोपल्यावर ड्रमर मोकळा होईल, तेव्हाची तारीख धरली आहे.

वेष्टनाचा मजकूर तयार झाला आहे. प्रत्येक गाण्याखाली आधी मूळ संगीतकाराचं नाव, मग हक्कदाराचं, आणि तिसऱ्या ओळीत पियानो मांडणी करणाऱ्याचं. मूळ गायकांची नावं कुठेही नाहीत.